बसम्माची तीन बोटं

पौषातली धुई अशी उतरली होती की गल्लीच्या तोंडावरचा लिंब दिसत नव्हता, लिंबाखाली शेकत बसलेल्या म्हाताऱ्यांचं नुसतं खोकणं ऐकू येत होतं. असल्या सकाळी झरी गावात माणूस गोधडीतून पाय काढायला कुरकुरतो. बसम्मा मात्र अंगणात उकिडवी बसून भस्माच्या वड्या वळत होती. गाईच्या गोवऱ्यांची पांढरी राख तिनं आदल्या दिवशीच पाण्यात कालवून धोतराच्या फडक्यातून घंगाळात गाळली होती. आता वरचं निवळ पाणी तिनं हलक्या हातानं ओतून दिलं. तळाशी लोण्यासारखा मऊ गाळ बसला होता. तो बोटांवर घ्यायचा, सुपारीएवढी वडी वळायची आणि सुपात मांडायची. ऊन निघालं की सूप माळवदावर.

बाजारात भस्म मिळत नव्हतं असं नाही. पण गावातल्या लिंगायतांच्या घरांना बसम्माच्या हातचंच लागायचं. तिची वडी कपाळावर ओढली की रेघ कशी उमटायची, दुधात बोट बुडवल्यागत. कारण एकच, हात स्वच्छ. चारठाण्याहून ती लगीन होऊन झरीत आली तेव्हा सासूनं चार बायकांत सांगितलं होतं, "आमची सून हात धुवायच्या आदी हात धुती." ते टोमण्यानं म्हटलं होतं, पण पुढं गावभर ते कौतुकानं फिरलं. कुणाचं लेकरू न्हाऊ घालायचं असो की बाळंतिणीचा डिंक कुटायचा असो, बसम्माला बोलवा.

"अगं, झालं का?" आतून आवाज आला. "सोनपेठच्या यात्रेला न्हाई जायचं. मशीन गाठायची हाय."

हे बसवंतराव. तिचे मालक. झरीच्या चौकात त्यांचं किराणा दुकान. आता ते मुलगा शिवप्रकाश बघायचा. साखरेच्या आजारानं बसवंतरावांची किडनी खाल्ली होती आणि आठवड्यातून दोनदा त्यांना परभणीच्या दवाखान्यात रक्त धुवून घ्यायला जावं लागायचं. डायलिसिस हा शब्द झरीत आता लेकरांनाही पाठ झाला होता.

रक्त बाहेर काढायचं तर वाट लागते. पहिली नळी मानेत उजवीकडं बसवली होती, ती तुंबली म्हणून काढली. मग दुसरी डावीकडं बसवली. आणि त्याच सुमारास डाव्या मनगटाशी दोन शिरा एकमेकींना जोडून दिल्या. तो हात तयार झाला की नळीची गरज संपणार होती, मग सुया हातातच टोचायच्या. पण हात तयार व्हायला वेळ लागतो. शीर फुगावी लागते, जाड व्हावी लागते. घरातले सगळे म्हणायचे, हात पिकावा लागतो.

"ही नळी हात पिकेपर्यंत सांभाळा," डॉक्टरांनी शिवप्रकाशला बाजूला घेऊन सांगितलं होतं. "हिच्यातून जंतू शिरले तर ते रक्तात जातात, तिथून सरळ हृदयाकडं. आणि ही गेली तर मानेत आता चांगली जागा नाही."

शिवप्रकाशनं ते आईला सांगितलं. बापाला नाही. तेव्हापासून बसम्माची नजर त्या मानेवरच्या पांढऱ्या पट्टीवर खिळली. बाकी घरात काय जळतंय, काय उतू जातंय, तिचं ध्यान नव्हतं. तेवढी चार बोटांची पट्टी कोरडी राहावी, बस.

आणि लोक तर घरात मावत नव्हते.

आपल्याकडं आजारी माणसाला वेळेत भेटलं नाही तर मग मेल्यावरच गेल्यासारखं होतं. त्यात ह्या हाताची नवलाई. जोडलेल्या शिरेतून रक्त असं धावायचं की मनगटावर बोट ठेवलं तर आत भुंगा अडकल्यागत भुणभुणायचं. कान लावला तर आवाजही यायचा, लांबून गिरणी चालल्यासारखा. शिवप्रकाशनं दुकानात बोलताबोलता कुणाला तरी ते सांगितलं, आणि सगळं गाव मनगटाला कान लावायला येऊ लागलं.

त्याही सकाळी एसटीची तयारी चालली होती तोच शेजारचा बन्सीधर तोंडात बिडी धरून आला. मागं त्याची आई तानुबाई, काठी टेकत.

"काका, मायला ऐकायचंय. लय दिसाचं म्हनायली."

"ऐका की. तिकीट न्हाई," बसवंतराव म्हणाले आणि हात पुढं केला.

तानुबाईनं कान लावला. तिला नीट ऐकू येत नव्हतं, तरी तिनं डोळे मिटले. "मोटार चालू हाय रे बाबा," ती म्हणाली. "पानी कुठं जायलंय पन?"

सगळे हसले. बन्सीधर हसता हसता पुढं झाला आणि बसवंतरावांच्या गळ्यातला मफलर त्यानं बोटानं खाली ओढला. "आन् नळी कुठून शिरलीय? बगू."

"अरे ए!" बसम्मा एवढ्या जोरात ओरडली की बन्सीधरची बिडी खाली पडली. "लांब हो! थितं तोंड न्यू नको!"

"म्या काय खायलाव का त्यायला, काकू?" बन्सीधर खजील झाला. "बगायलोच तर."

त्याचं तोंड उतरलं तसं बसम्मालाच वाईट वाटलं. ह्याच बन्सीधरनं पहिल्यांदा बसवंतरावांना उचलून जीपमध्ये घातलं होतं. माणसाला दारातून परत कसं लावायचं? तिनं चहाला बसा म्हटलं. तो म्हणाला, न्हाई, तुमची बस जाईल.

निघायच्या आधी बसवंतरावांची पूजा व्हायची. पाटावर बसून ते इष्टलिंग डाव्या तळहातावर घ्यायचे, पाण्यानं धुवायचे, बेलाचं पान वाहायचे. हातातली शीर जोडल्यापासून त्यांना ह्या पूजेत एक वेगळाच नाद लागला होता. तळहातावर लिंग ठेवलं की मनगटातली भुणभुण त्यात उतरायची. एकदा त्यांनी बायकोला हळूच सांगितलं होतं, "बसू, देव धडधडायलाय गं." ती म्हणाली, "तुमचीच शीर हाय ती." तर म्हणाले, "मग काय झालं?"

लिंगावरनं दवाखान्यात एकदा रामायण झालं होतं. लिंग बांधलेला गळ्यातला शिवदोरा नळीच्या पट्टीवर घासायचा. सविता नावाची एक तरतरीत नर्स होती, तिनं सांगितलं, "काका, हे गळ्यातलं काढावं लागंल."

"हे उतरायचं ते जिवाबरूबर."

"जीव ऱ्हावा म्हनूनच सांगायलोत न, काका."

मग तिथूनच मठातल्या स्वामींना फोन लावला. स्वामी म्हणाले, "नाभीच्या खाली जाऊ देऊ नका. बाकी त्याला जागेची अडचण न्हाई." म्हणून लिंग उजव्या दंडाला बांधलं. डावा हात तर पिकायला ठेवलेला. मग उजव्या दंडाला रक्तदाबाची पट्टी गुंडाळायची वेळ आली की मोठा घोळ. शेजारच्या खुर्चीवर जिंतूरची धम्मशीला असायची. तिची स्वतःची मशीन चालू असायची आणि तोंडही. ती ओरडायची, "सिस्टर, बीपी काकाचा घ्यायला का देवाचा? देवाचा घ्या, त्याला टेन्शन लय हाय."

ही सविता दवाखान्याची होती आणि नव्हतीही. तिथं तेव्हा एक संशोधन चालू होतं, ती त्या कामावर होती. मानेत नळी असलेल्या कोणत्या रुग्णांना जंतू होतात, कशानं होतात, आणि नळीवरची पट्टी बदलली तर काही फरक पडतो का, हे बघायचं. एक नेहमीची साधी पट्टी. दुसरी औषध भरलेली. कुणाला कोणती लावायची ते बंद पाकिटातली चिठ्ठी ठरवणार. सविताचं माहेर चारठाण्याजवळचंच निघालं, म्हणून पहिल्याच दिवशी तिनं बसम्माला मावशी केलं होतं. तिनं सगळं उलगडून सांगितलं, मर्जी असेल तर घ्या, नसेल तर इलाज तोच राहील, असंही सांगितलं.

"पन त्यातली चांगली कोनती?" बसम्मानं विचारलं होतं.

"तेच तर कुनाला ठावं न्हाई, मावशी. म्हनून बगायलोत."

बसवंतराव सही करता करता म्हणाले, "आमच्या सोसायटीचा चेअरमन असाच चिठ्ठी टाकून काढला होता. तवाबी कोन चांगला ते कुनाला ठावं नव्हतं. नंतर समजलं, दोघंबी नव्हते."

सवितानं त्यांच्यासमोरच पाकीट फोडलं. साधी पट्टी निघाली.

बसम्माला त्याचं तेव्हा काही वाटलं नाही. साधी तर साधी. तिनं सविताकडून सगळं नीट शिकून घेतलं. पट्टीला हात लावायचा नाही. भिजू द्यायची नाही. कड सुटली तर स्वच्छ फडकं वरून धरायचं आणि फोन करायचा. ती घरी येऊन शिवप्रकाशच्या बायकोला, रुद्राणीला, असं शिकवू लागली की जणू हीच नर्स. रुद्राणी म्हणायची, "आत्या, तुमी पट्टीकडं बगता तेवढं मामंजीकडं बगत न्हाईत."

तर त्या धुईच्या सकाळी पूजा झाली. बसम्मानं रोजच्यासारखं भस्म ओलं केलं, तीन बोटांवर घेतलं आणि मालकांच्या कपाळावर आडवं ओढलं. मग दंडाला. मानेला लावणं तिनं केव्हाच सोडलं होतं. वेळ झाला होता, बोटं पदराला पुसली आणि दोघं निघाली.

जिंतूरकडून आलेली एसटी गच्च भरलेली. एका कॉलेजच्या पोरानं उठून त्यांना जागा दिली. खिडकीची काच बंद होत नव्हती, गार वारा सुऱ्यासारखा आत यायचा, म्हणून बसवंतरावांनी मफलर पुन्हा गळ्याभोवती आवळला. खड्ड्यात बस आदळली तसा मफलर घसरला. बसम्मानं बघितलं, पट्टीची वरची कड उचलली गेली होती. नखाएवढी.

आणि तिचा हात गेला.

झोपलेल्या लेकराच्या अंगावरचं पांघरूण सरकलं तर आई विचार करते का? तसाच गेला. तीन बोटांनी तिनं ती कड दाबली, चिकटवली, वरून एकदा हलकेच फिरवली. मग बोटांकडं लक्ष गेलं. बोटांच्या रेघांत भस्म होतं. पांढरं.

"काय झालं?" बसवंतरावांनी विचारलं.

"काय न्हाई. बसा निवांत."

दवाखान्यात पोचल्या पोचल्या तिनं सविताला गाठलं. काही लपवायचं तिच्या मनात आलंच नाही. "पट्टी सुटली होती, म्या दाबली. हात धुतलेला नव्हता, भस्माचा होता."

सविताच्या कपाळाला आठी पडली. तिनं तिथल्या सिस्टरला सांगून पट्टी काढायला लावली, जागा औषधानं एकदा पुसली, पुन्हा पुसली, वाळू दिली आणि नवी पट्टी लावली. जागा कोरडी होती. लाली नव्हती, पू नव्हता. "चांगली दिसायली, मावशी. आपन नजर ठिऊ."

"काय व्हनार तर न्हाई न?"

सवितानं पट्टीच्या कडा पुन्हा एकदा बघितल्या. मग म्हणाली, "नजर ठिऊ."

त्या पाळीला सगळं ठीक झालं. बसवंतराव हसतखेळत घरी आले. संक्रांत झाली. बायका वाण घेऊन आल्या, तीळगूळ झाला, मनगटाला कान लावून गेल्या. डॉक्टरांनी हात चाचपून सांगितलं होतं, आता थोडंच राहिलं. एवढ्यात सुया टोचून बघू. बसम्माच्या जिवाला जरा ऊब आली.

पुढच्या पाळीला मशीन लागली आणि थोड्याच वेळात बसवंतराव म्हणाले, "थंडी वाजायली."

बसम्मानं चादर ओढली. मग दुसरी. मग धम्मशीलानं आपली शाल दिली. तरी ते असे हुडहुडायला लागले की खुर्ची कडकड वाजू लागली. दातावर दात. ओठ काळे पडले. धम्मशीला एकदम गप्प झाली होती, आणि तिचं गप्प होणंच बसम्माला सगळ्यात भयंकर वाटलं. सिस्टर धावत आल्या. कुणी मशीन थांबवली, कुणी रक्त काढलं, नळीतून वेगळं, हातातून वेगळं. डॉक्टर आले. रक्तदाब खाली गेला होता. एकानं पायाकडून खुर्ची उचलली, दुसऱ्यानं सलाईन लावलं. ह्या सगळ्यात बसम्मा कोपऱ्यात भिंतीला चिकटून उभी. तिला कुणी बाजूला सर म्हणालं नव्हतं. पण तिच्या हाताला करण्यासारखं तिथं काहीच नव्हतं.

जरा शांत झाल्यावर तिला जवळ जाऊ दिलं. तिनं सवयीनं डाव्या मनगटावर बोटं ठेवली.

काहीच नव्हतं.

तिनं बोटं सरकवली, वर, खाली. कान लावला. गिरणी बंद. तिनं मान वर करून सविताकडं बघितलं. सवितानंही हात लावला, मग डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी कानाला यंत्र लावून ऐकलं आणि यंत्र गळ्यात टाकलं. रक्तदाब एवढा पडला की जोडलेल्या शिरेत रक्त गोठलं, असं ते शिवप्रकाशला सांगत होते. बसम्मानं त्यातलं एवढंच ऐकलं की हात गेला. पिकता पिकता गेला. तोंडाशी आलेलं पीक बघता बघता जळावं तसं.

तपासणीत कळलं, जंतू नळीतूनच रक्तात गेले होते. नळी काढली. मांडीत दुसरी घातली. भारीतली इंजेक्शनं सुरू झाली. ताप उतरायचा, पुन्हा चढायचा. मग हृदयाची सोनोग्राफी झाली आणि डॉक्टर म्हणाले, जंतू हृदयाच्या झडपेवर बसलेत.

सविता तिला व्हरांड्यातल्या बाकावर घेऊन बसली. तिला तिच्या कामाचे प्रश्न विचारायचे होते. पट्टी कधी भिजली का, नळीला कुणी हात लावला का, घरी कोण कोण येतं. विचारताना तिचा आवाज चोरल्यासारखा येत होता.

"म्या लावला हात. तुला ठावं हाय," बसम्मा म्हणाली. "ह्या बोटांनी. तू ल्हून घे."

"लिहिलंय, मावशी. त्याच दिवशी."

"मग त्याच्यानंच आलं न?"

"तसं न्हाई सांगता येत. आलेला जंतू राखेतला न्हाई, मातीतला न्हाई. तो मानसाच्या कातडीवर असतो, नाकात असतो. लय जनांच्या. तुमच्या, माज्या, काकांच्या सोताच्या अंगावरबी आसंल."

"बन्सीधरच्याबी?"

"त्याच्याबी."

"सिस्टरच्या?"

"सिस्टरच्याबी."

बसम्माला ते सहन होईना. चोर घरात शिरला आणि पोलीस म्हणतोय की गावातल्या प्रत्येकाच्या अंगावर त्याचेच कपडे होते. "आगं, मंग कुनी आनला? कुनीतरी तर आनला आसंल!" ती एवढ्या मोठ्यानं बोलली की बाकावरची माणसं वळून बघू लागली. "म्या आनला म्हन. तसं म्हन एकदा. म्हंजी सुटले."

"कसं म्हनू, मावशी? मला ठावंच न्हाई तर."

बसवंतरावांना आता आतल्या खोलीत हलवलं होतं. काचेच्या दारापलीकडं. भेटायला ठरल्या वेळी एकानंच जायचं. झरीहून टेंपो भरून माणसं आली होती, बन्सीधर, दुकानाशेजारचा हरिओम टेलर, मठातली माणसं. वॉचमननं सगळ्यांना खाली अडवलं. लोक चिडले. "भेटू देत न्हाईत म्हंजी काय? आमचा मानूस हाय!" आणि त्यांना समजावायला शिवप्रकाशनं खाली पाठवलं कुणाला, तर बसम्माला. पायरीवर उभं राहून ती हात जोडून सांगत होती, "येऊ नका. जवळ येऊ नका. तुमच्या पाया पडते." महिन्यापूर्वी हेच तिला जमलं नव्हतं. आता जमत होतं, आणि आता त्याचा उपयोग नव्हता.

काचेतून तिला मालकांची डावी बाजू दिसायची. पूजा होत नव्हती. दंडाचं लिंग सिस्टरनी काढून प्लास्टिकच्या पिशवीत घालून उशाच्या कपाटावर ठेवलं होतं. माणूस आणि लिंग हातभर लांब. लग्न झाल्यापासून तिनं असं कधी बघितलं नव्हतं. सविता बाहेर आली तशी बसम्मानं तिचा हात धरायला हात पुढं केला आणि मध्येच मागं घेतला.

"सविता, तेवढं हातावर ठिवती का त्यायच्या? पिशवीसगट ठिव. धुवू बिवू नको."

सविता आत गेली. आतल्या सिस्टरशी काहीतरी बोलली. दोघींनी पिशवी बाहेरून औषधानं पुसली. मग सवितानं हात धुतले, मोजे चढवले आणि पिशवी बसवंतरावांच्या डाव्या तळहातावर ठेवली. थोडा वेळ काही झालं नाही. मग बोटं हळूहळू मिटली. काचेला कपाळ लावून बसम्मा बघत होती. त्या हातात आता काही धडधडत नव्हतं, हे तिला माहीत होतं. त्यांना माहीत होतं की नाही, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ते गेले.

झरीत त्यांना बसवून समाधी दिली. लिंग हातात, सगळ्या अंगाला भस्म. गाव लोटलं होतं. तानुबाईनं बसम्माच्या पाठीवरून हात फिरवला. "वेळ भरली होती, माय. त्येला कोन काय करनार?" हेच वाक्य मग जो तो म्हणू लागला. स्वामी म्हणाले, शिवाच्या मनात होतं. शिवप्रकाश म्हणाला, आई, साखरेनं शरीर पोखरलंच होतं. बन्सीधर मात्र एकटा ओट्याच्या कडेला मान घालून बसला होता. उठताना म्हणाला, "काकू, त्या दिशी म्या मफलर वढला. त्याच्यानं तर न्हाई न झालं?"

बसम्मानं त्याच्याकडं बघितलं. तिला वाटलं, हो म्हणावं. म्हटलं असतं तर त्याला ते आयुष्यभर पुरलं असतं आणि तिचं ओझं निम्मं झालं असतं.

"न्हाई रे बाबा," ती म्हणाली. "कुनाला ठावं हाय?"

तो तेवढ्यानं मोकळा झाला. तिला मात्र ते पुरलं नाही. स्वतःला ती दिवसातून कितीदा तरी हेच सांगून बघायची, कुणाला ठाऊक आहे. स्वैपाक करताना, दळण निवडताना. सांगून झालं की बोटांकडं बघायची.

उन्हाळा आला. चैत्र सरला आणि झळा सुरू झाल्या. गावात पाणी आठ-आठ दिवसांनी सुटू लागलं. अशाच एका दुपारी दारात सविता उभी. ओढणीनं डोकं बांधलेलं, तोंड लालबुंद. ज्या घरांनी संशोधनात भाग घेतला होता त्या सगळ्यांना काय निघालं ते सांगायचं, असं त्यांच्या मोठ्या डॉक्टरांनी ठरवलं होतं. काहींना फोनवर सांगितलं. झरीला मात्र ती स्वतः आली.

बसम्मानं तिला माठातलं पाणी दिलं. चहा टाकला. धम्मशीला कशी आहे, विचारलं.

"बरी हाय. परवा मशीनवर बसून सिस्टरचं लगीन जमवायली होती."

बसम्मा हसली. सवितानं कप खाली ठेवला.

"मावशी, त्या दुसऱ्या पट्टीचं... औषधाच्या पट्टीचं. ती लावलेल्या लोकायला जंतू कमी झाले. म्हंजी बराच फरक निघाला. आता सगळ्यायलाच ती लावनार."

बसम्मानं ते ऐकलं. चुलीकडं बघत बसली. ते पाकीट तिच्या डोळ्यापुढं आलं, आणि ते हसत सही करणारे मालक.

"म्हंजी आमच्या मालकाला ती निघाली आसती तर..."

"तर कदाचित वाचले आसते. कदाचित. ती लावलेल्यांतबी काही जनायला झालेच जंतू. आन् साधी लावलेली लय मानसं आज नीट हायत."

"मंग आदीच का न्हाई लावली सगळ्यायला?"

"आदी ठावं असतं तर लावलीच आसती की, मावशी." सवितानं डोक्याची ओढणी सोडली. "खरंच कुनाला ठावं नव्हतं. काकांसारख्या लोकायनी भाग घेतला म्हनून तर समजलं."

बाहेर उन्हात एक कुत्रं ल्हाल्हा करत सावलीला आलं. बसम्मानं पदरानं कपाळ पुसलं.

"आता एक सांग. समद्यायचं समजलं तुमाला. शंभरात इतके, दोनशेत इतके. आमच्या एकाचं समजलं का? पट्टीनं गेले का माज्या बोटांनी?"

सविताच्या तोंडावर घाम होता, तो तिनं पुसला नाही.

"एकाचं न्हाई सांगता येत, मावशी. कधीच न्हाई येनार."

"बरं," बसम्मा म्हणाली.

तिला रडू येईल असं सविताला वाटलं असावं, कारण तिनं पुढं सरकून तिचे हात हातात घेतले. बसम्मानं घेऊ दिले. ते हात तसेच दोघींच्या मध्ये पडून राहिले, कुणाचे आहेत ते कळू नये असे. ती रडली नाही. काही विचारायचं उरलं नव्हतं, आणि ते न उरणं रडण्यापेक्षा वाईट होतं.

तेवढ्यात गल्लीत एकच कल्लोळ उठला. भांडी वाजली, कुणाचं तरी दार आदळलं, रुद्राणी मागच्या दारातून ओरडली, "आत्या! सुटलं! पानी सुटलं! तुमी टाकी बगा, म्या मोटार लावते!"

बसम्मानं हात सोडवून घेतले आणि गुडघ्यावर हात ठेवून उठली. "बस तू. ऊन उतरल्यावर जा," सविताला म्हणाली. कोनाड्यातला काथ्याचा बोळा घेऊन ती न्हाणीत गेली, रिकाम्या टाकीत वाकली आणि तळाचं शेवाळ खरडून काढू लागली. पाइप गुरगुरला, आधी हवा आली, मग लालसर गढूळ पाणी. ते वाहून जाईपर्यंत थांबावं लागतं. ती थांबली. निवळ धार लागली तशी तिनं पाइप टाकीत सोडला आणि आतून हाक दिली, "रुद्रानी, घागरी आन गं एकेक. आन् बन्सीधरला म्हनावं, तुपली मोटार जरा दमानं चालव, समदं पानी तिकडंच वढायलाय."